करड्या रंगाचा हिशेब

ज्याला आपण काळे-पांढरे छायाचित्र म्हणतो त्यात काळे थोडके असते, पांढरे त्याहून थोडके असते, आणि बाकीचा सारा संसार करड्याचा असतो. आजोबांच्या कोटाचे कापड, आजीच्या लुगड्याचे काठ, भिंतीला आलेली ओल, वृंदावनातल्या तुळशीची पाने, नव्या नवरीच्या गालांवरचे तेज, हे सारे करड्याच्या पाचपन्नास छटांनी सांगितलेले असते. डोळा या छटांना इतका सरावलेला असतो, की करडे म्हणून तिथे काही आहे याचे भानही आपल्याला राहत नाही.

परंतु छायाचित्रांची अशी एक जात आहे, की जिच्यातून हा करडा रंग जवळजवळ हद्दपार केलेला असतो. काळे ते कोळशासारखे काळे, पांढरे ते चुन्यासारखे पांढरे, आणि दोहोंमधली कड सुरीने कापल्यासारखी. असे चित्र भिंतीवर असले की खोलीच्या दारातूनच ते आपल्याला हाक मारते. पाहणारा म्हणतो, "काय धारदार फोटो आहे!" जाणकार म्हणतो, "काय कॉन्ट्रास्ट आहे!" मलाही ही चित्रे आवडतात, त्यांची मोहिनी खोटी नव्हे. मात्र गेली काही वर्षे ती पाहताना मनात एक शंका उभी राहते, आणि तीच आज वाचकांपुढे ठेवायची आहे. चित्रातून करडा रंग काढून टाकला, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय निघून जाते? आणि जे गेले त्याची किंमत कोणी मोजली?

असले प्रश्न हवेत सुटत नाहीत. त्यासाठी एखादा समर्थ कलावंत समोर घ्यावा लागतो. दुबळ्यांचे दोष वेचून टीका फार लांब जात नाही. म्हणून मी बिल ब्रँट या छायाचित्रकाराचे काम निवडले आहे. विसाव्या शतकातल्या इंग्लंडचे जे काळे-पांढरे रूप जगाच्या डोळ्यांत ठसले, त्याचा मोठा वाटा या माणसाचा. आणि विशेष म्हणजे, त्याने एकाच निगेटिव्हवरून तरुणपणी एक चित्र छापले व उतारवयात निराळेच छापले. आपल्या प्रश्नाला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी ही धार येते कशी, ते थोडक्यात पाहू. ज्यांनी डार्करूमचा तांबडा दिवा कधी पाहिला नाही त्यांनाही हे कळण्यासारखे आहे.

पहिला धनी म्हणजे उजेड. ढगाळ दिवशी उजेड आभाळभरून येतो, म्हणून सावलीला कड नसते. दुपारचे ऊन किंवा उघडा एकच दिवा एका जागेवरून येतो, म्हणून सावली कापल्यासारखी पडते. दुसरी युक्ती भिंगापुढच्या रंगीत काचेची. तांबडी काच लावली की ती निळा उजेड अडवते. निळे आभाळ फिल्मवर काळपट उतरते आणि ढग पांढरे शुभ्र उठून दिसतात. तिसरी जागा फिल्म धुण्याची. डेव्हलपरमध्ये फिल्म जास्त वेळ ठेवली तर उजळ भाग भराभर दाट होत जातात; सावलीचे भाग मात्र थोडेसेच पुढे सरकतात, कारण तिथे मुळातच प्रकाशाने फारसे काही लिहिलेले नसते. म्हणजे दोघांमधले अंतर वाढते. म्हणूनच जुने उस्ताद शिकवीत, की कॅमेऱ्यात प्रकाश घ्यावा तो सावलीकडे पाहून आणि फिल्म धुवावी ती उजेडाकडे पाहून.

शेवटचा धनी कागद. छपाईच्या कागदाला नंबर असतात, शून्यापासून पाचपर्यंत. दोन नंबरचा मध्यम. चार-पाच नंबरचा तो 'हार्ड'. हार्ड कागद म्हणजे तापट न्यायाधीश. जरा उजळ दिसले की तो म्हणणार पांढरे, जरा मंद दिसले की म्हणणार काळे. मधल्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला त्याला सवड नसते. पुढे एकाच कागदावर सारे नंबर सामावणारा मल्टिग्रेड कागद आला. एन्लार्जरमध्ये पिवळी काच घातली की तो मऊ वागतो, जांभळट गुलाबी घातली की कठोर.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भर उन्हातल्या देखाव्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोखी जागांमधला फरक हजारपटीचाही असू शकतो. चकचकीत कागदावरच्या पांढऱ्यात आणि काळ्यात मात्र फरक साधारण शंभरपटीच्या आसपास. म्हणजे छायाचित्र ही मुळातच काटछाट आहे. कोणीही छापले तरी काहीतरी गाळावेच लागते. प्रश्न एवढाच, की काय गाळायचे, आणि ते कोणी ठरवायचे.

आणि धारदारपणाचे म्हणाल तर त्यात पुष्कळशी डोळ्यांची फसगत आहे. चांगले भिंग, घट्ट तिकाटणे, नेमका फोकस यांनी खरा रेखीवपणा येतो, हे उघड आहे. पण एकच निगेटिव्ह मऊ कागदावर आणि हार्ड कागदावर छापून शेजारी ठेवा. हार्ड कागदावरचे चित्र अधिक रेखीव वाटेल. वास्तविक त्या कागदाने निगेटिव्हमध्ये नसलेला एकही धागा दिलेला नसतो. उलट असलेले काही धागे काढून घेतलेले असतात. अंगणात पणती लावणाऱ्या मुलीचा फोटो घ्या. हार्ड कागदावर ज्योत झगझगेल, रात्र काळीभोर होईल. आणि त्या दोहोंच्या मध्ये जो मुलीचा चेहरा होता, तो मात्र अर्धा ज्योतीने आणि अर्धा रात्रीने वाटून घेतलेला असेल.

आता ब्रँटकडे येऊ. तो जन्मला १९०४ साली, जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे. तरुणपणी क्षयाने गाठले, म्हणून स्वित्झर्लंडमधील दाव्होसच्या आरोग्यधामात दिवस काढावे लागले. पुढे पॅरिसमध्ये मॅन रे या नामवंत चित्रकार-छायाचित्रकाराच्या स्टुडिओत काही काळ उमेदवारी केली, आणि नंतर लंडनला येऊन तो कायमचा तिथलाच झाला. इतका, की आपला जन्म लंडनचाच असे तो सांगत असे. परक्या माणसाला एखादा समाज जसा बाहेरून लख्ख दिसतो तसा इंग्लंड त्याला दिसला. १९३६ साली 'द इंग्लिश ॲट होम' हे त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्यात श्रीमंतांची आणि गरिबांची घरे समोरासमोर मांडलेली होती. १९३८ साली लंडनच्या रात्रीवरचे पुस्तक आले. १९३७ साली तो उत्तर इंग्लंडच्या कोळशाच्या आणि गिरण्यांच्या मुलखात हिंडला.

त्या दिवसांतील एक चित्र दोन मोलकरणींचे आहे. श्रीमंताघरचे जेवणाचे टेबल मांडलेले आहे, काचेचे पेले चमकताहेत, आणि मागे काळा पोशाख, पांढरा एप्रन, पांढरी टोपी अशा वेषात दोघी उभ्या आहेत. एक वडील, एक तिच्या हाताखालची. वडील बाईच्या चेहऱ्यावर सुतकी कडकपणा आहे. हे चित्र कितीही हार्ड कागदावर छापा, ते बिघडत नाही. कारण त्यातला काळ्या-पांढऱ्याचा विरोध छायाचित्रकाराने आणलेला नाही. तो मालकाच्या घराने आणलेला आहे. एप्रनची खळ, टोपीची इस्त्री, काळ्या कापडाची शिस्त, हे सारे त्या बायकांना माणूस म्हणून पुसून टाकून नोकर म्हणून उभे करण्यासाठीच शिवलेले होते. चित्राने फक्त ती शिवण दाखवली.

दुसरे चित्र हॅलिफॅक्स गावातले, १९३७ चे. तिथल्या बोलीत दोन भिंतींमधल्या बोळाला 'स्निकेट' म्हणतात. असा एक दगडी बोळ, वर चढत गेलेला. फरसबंदीचे दगड चमकताहेत, कडेला कठडा आहे, वर काळी इमारत उभी आहे. माणूस एकही नाही. तरीही त्या चढणीवरून रोज पहाटे लोकरीच्या गिरणीकडे गेलेल्या पायांचा आवाज मला ऐकू येतो. तिथेही कठोर छपाई शोभते, कारण दगडावरचे काळेपण खरोखरचे आहे. ते गिरण्यांच्या धुराड्यांनी वर्षानुवर्षे चढवलेले काजळ आहे. जे जगात काळे होते तेच कागदावर काळे झाले. यात कोणावर अन्याय झाला नाही.

तिसरे उदाहरण युद्धकाळातले. १९३९ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये दिवाबंदी आली. रस्त्यावर एक दिवा नाही, खिडकीतून एक किरण नाही. त्या शहराची चित्रे ब्रँटने नुसत्या चांदण्यात घेतली. कॅमेऱ्याचे झाकण कित्येक मिनिटे उघडे ठेवून. १९४० साली बॉम्बहल्ल्यांपासून जीव वाचवण्यासाठी लोक भुयारी रेल्वेत रात्री काढू लागले, तेव्हा सरकारच्या माहिती खात्यासाठी त्याने त्यांची चित्रे घेतली. लिव्हरपूल स्ट्रीटच्या अपुऱ्या बांधलेल्या बोगद्यात दोन्ही कडांना माणसे ओळीने झोपली आहेत, आणि बोगदा दूरवर काळोखात शिरला आहे. हा काळोख सजावट नव्हे. माथ्यावर काय चालले आहे हे त्या झोपलेल्यांना दिसत नव्हते, आणि आपल्यालाही दिसत नाही. काळ्या रंगाला असा अर्थ मिळाला म्हणजे तो रंग राहत नाही, अनुभव होतो.

युद्धानंतर ब्रँट बदलला. समाजाकडून तो आकाराकडे वळला. १९६१ साली आलेल्या एका पुस्तकात त्याने मानवी देहाची चित्रे अशी छापली, की समुद्रकाठच्या गोट्यांत आणि गुडघ्या-कोपरांत फरक उरू नये. पांढरे अगदी कोरे, काळे अगदी गडद. ही त्याची नवी भाषा होती, आणि त्या कामापुरती ती मोठी समर्थ होती. पण एवढ्यावर तो थांबला नाही. आपली जुनी, १९३० नंतरच्या दशकातली निगेटिव्हे काढून तीही तो याच भाषेत पुन्हा छापू लागला. पूर्वी आपल्याला गडद, दबक्या छटांची छपाई आवडे, आता तीव्र विरोधाची आवडते, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. आज पुस्तकांतून आणि भिंतींवरून ब्रँट म्हणून जो आपल्याला भेटतो, तो बहुतेक वेळा हा उतारवयाचा, कठोर कागदावरचा ब्रँट असतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ साली त्याचे मोठे प्रदर्शन भरवले, त्या वेळी जुन्या छपाईकडे मुद्दाम लक्ष वेधले गेले.

इथेच माझी शंका जागी होते. १९३७ चे एक चित्र आहे: जॅरो गावाकडे परतणारा कोळसेवेचा. जॅरोची जहाजगोदी बंद पडलेली, गाव बेकार झालेले. १९३६ साली त्या गावातले दोनशे पुरुष काम मागण्यासाठी लंडनपर्यंत पायी चालत गेले होते. ज्यांना कोळसा विकत घेणे परवडत नव्हते ते खाणीच्या टाकाऊ ढिगांतून तुकडे वेचीत. चित्रातला माणूस वेचलेल्या कोळशाचे पोते सायकलवर लादून, सायकल ढकलीत उजाड वाटेने चालला आहे. मऊ छपाईत तो त्या मुलखातला एक माणूस असतो. त्याच्या कोटाला सुरकुत्या असतात, वाटेला चिखल असतो, हवेला दमटपणा असतो. छपाई जसजशी कठोर होते तसतसा तो माणूस कमी आणि चिन्ह अधिक होत जातो. काळी आकृती, काळी सायकल, उजळ आभाळ. पाहणारा म्हणतो, "हे दारिद्र्याचे चित्र." कोणाच्या दारिद्र्याचे, हे विचारण्याची त्याला गरज उरत नाही.

तसेच नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगाराचे. संध्याकाळी खाणीतून आलेला माणूस अंग न धुता तसाच टेबलाशी जेवायला बसला आहे. तोंड कोळशाने काळे, जवळ त्याची बायको बसलेली. त्या काळी पुष्कळ खाणींवर अंघोळीची सोय नसे. घरी पाणी तापवून धुणे हेही बायकोचेच काम. या चित्राचा सारा जीव कोळशाने माखलेल्या चेहऱ्यात आणि त्याच्याकडे लागलेल्या तिच्या लक्षात आहे. आता काजळी ही काळी वस्तू नव्हे, ती करडी वस्तू आहे. तिच्याखालून कातडी दिसते, घामाने तिला वाटा पडलेल्या असतात, डोळ्यांच्या कडेला ती दाट असते आणि ओठांजवळ पुसट. तिच्या छटा राखल्या तर काजळीखाली माणूस सापडतो. त्या पुसल्या तर एक काळा मुखवटा उरतो. फार प्रभावी, फार धारदार, आणि परका.

ब्रँटच्या बाजूने जे बोलता येईल ते बोललेच पाहिजे. पहिले असे, की ही चित्रे म्हणजे घडले ते टिपले असल्या बातम्या नव्हत्याच. तो प्रसंग रचत असे. घरची, ओळखीची माणसे उभी करून चित्रे घेत असे. तेव्हा मऊ छपाई म्हणजे सत्य आणि कठोर छपाई म्हणजे असत्य, अशी सोपी वाटणी करता येणार नाही. दुसरे असे, की निगेटिव्ह ही बंदिश आहे आणि छपाई हे गाणे. तरुणपणी एक राग एका अंगाने गाणारा गवई म्हातारपणी तोच निराळ्या अंगाने गाईल. त्याला तो हक्क आहे. मी कादंबऱ्या लिहितो. दुसरी आवृत्ती निघायची वेळ आली, की जुन्या मजकुरातली मऊ वाक्ये छाटून टाकायला हात कसे शिवशिवतात, ते मला ठाऊक आहे. तिसरे म्हणजे, करडा रंगही काही साधू नव्हे. सगळे धूसर, सगळे गोड, कोणाला कशाचा त्रास नाही, अशा मऊ चित्रांनी गरिबीला एक प्रकारची झोपेची गोळी दिलेली आहे. ब्रँटच्या कठोर छपाईने ती झोप मोडली, हे त्याचे श्रेय.

हे सगळे मान्य करूनही माझा आक्षेप राहतोच. गवई राग बदलतो तेव्हा रागाला काही वाटत नाही. छायाचित्रात मात्र समोर माणूस असतो, आणि त्याने आपला चेहरा एकदाच दिलेला असतो.

हे मला शाळेच्या भिंतीने शिकवले. खेड्यापाड्यातल्या जुन्या शाळांच्या कचेरीत वर्षावर्षांचे वर्गांचे फोटो टांगलेले असतात. मी ज्या शाळांत शिकवले तिथे मधल्या सुट्टीत ते पाहत राहण्याची मला सवय आहे. बहुतेक काळ्या-पांढऱ्या फोटोंची घडण एकच: मैदान, माथ्यावर ऊन, पांढऱ्या सदऱ्यांची मुले तीन रांगांत, मध्ये खुर्च्यांवर गुरुजी. ज्याने फोटो काढला त्याने उजेड मोजला तो पांढऱ्या सदऱ्यांवरून. सदरे कोरे जाऊ नयेत म्हणून प्रकाश कमी घेतला. वर छपाई हार्ड कागदावर, म्हणजे फोटो 'उठावदार' दिसावा. परिणाम असा, की सदरे इस्त्रीसकट दिसतात, शाळेच्या पाटीवरचे अक्षर न् अक्षर वाचता येते; गोऱ्या मुलांचे चेहरेही ओळखू येतात. पण जी मुले मुळात काळीसावळी होती, जी उन्हातान्हात गुरे राखून शाळेला येत, त्यांच्या चेहऱ्याच्या जागी एक काळा ठिपका आहे आणि कधीमधी दातांची पांढरी रेघ. खाली नावे ओळीने लिहिलेली आहेत. नाव आहे आणि चेहरा नाही.

एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाच्या दाखल्यासाठी कचेरीत आले होते. भिंतीवरच्या फोटोपाशी जाऊन, बोटाने रांग मोजून मुलाला म्हणाले, "तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा, तो मी." मुलगा वाकून वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "कुठं? दिसत नाही." गृहस्थ हसले. मला मात्र त्या क्षणी कॉन्ट्रास्ट या शब्दाचा अर्थ कळला. त्या फोटोवाल्याच्या मनात दुजाभाव होता असे मी म्हणत नाही. त्याने ठरलेल्या रीतीने काम केले. पण त्या रीतीत कोणाच्या छटा राखायच्या आणि कोणाच्या सोडायच्या हे आधीच ठरून गेले होते. त्या मुलांचे चेहरे छटांनी भरलेले होते. त्यांच्या सावलीसाठी थोडा अधिक प्रकाश घेतला असता आणि एक नंबर मऊ कागद वापरला असता, तर ते आज तिथे असते.

याचा अर्थ तीव्र विरोध टाकाऊ ठरतो असा मुळीच नाही. इटलीतला मारिओ जाकोमेल्ली हा छायाचित्रकार पाहा. सेनिगालिया गावचा हा माणूस, जन्म १९२५ चा, धंद्याने छापखानेवाला. पांढऱ्या कागदावर काळी शाई उमटवण्यात जन्म गेलेला. तीच नजर त्याच्या छायाचित्रांत आहे. १९६१ ते १९६३ या काळात त्याने पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांची चित्रे घेतली. काळे पायघोळ झगे घातलेले ते तरुण बर्फात खेळताहेत, फेर धरताहेत. त्याने छपाईत बर्फ इतके पांढरे केले, की जमीन उरलीच नाही. तरुण जणू कोऱ्या कागदावर नाचताहेत. करडा रंग इथेही गेला, पण काय मिळाले पाहा. झग्याने ज्यांना एकसारखे केले होते ती मुले हातापायांच्या हालचालींनी वेगवेगळी झाली. त्यांचा आनंद अक्षरांसारखा वाचता येऊ लागला. विरोधाने इथे माणूस पुसला नाही, मोकळा केला.

आपल्याकडच्या वाचकांना याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण सिनेमातले. मुंबईत तयार झालेल्या गुरुदत्तच्या 'कागज़ के फूल' (१९५९) मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने खरे ऊन आत वळवून रिकाम्या स्टुडिओत प्रकाशाचा एक झोत सोडला. झोताबाहेर काळोख, झोतात तरंगणारी धूळ, आणि एकमेकांजवळ येऊ न शकणारी दोन माणसे. त्या झोतात उभे राहायचे की काळोखात, हाच त्या माणसांच्या आयुष्याचा प्रश्न होता. म्हणून तो विरोध कथेतून उगवलेला वाटतो. आणि त्याच्या तीन वर्षे आधी, 'अपराजितो' (१९५६) साठी, सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला तेव्हा डोक्यावर पांढरे कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावरून परतवला. आभाळातून झिरपल्यासारखा मऊ उजेड, कोणाचीच कडक सावली नाही. कारण तिथे प्रश्न एका विधवा होऊ घातलेल्या बाईच्या रोजच्या दिवसाचा होता. आणि रोजचा दिवस करडाच असतो. दोघेही थोर, आणि दोघांनी केले ते परस्परविरुद्ध. नियम असा नाहीच. विषय आपला उजेड मागत असतो, एवढेच.

आज हे सांगण्याची निकड वाटते, कारण पूर्वी जे करायला डार्करूममध्ये रात्र घालवावी लागे ते आता खिशातल्या फोनवर बोटाच्या एका फटकाऱ्यात होते. निदान फिल्मच्या काळात कठोरपणालाही कष्ट पडत. चार वेळा कागद वाया जाई, आणि त्या वेळात मनुष्य समोरच्या चेहऱ्याकडे चार वेळा पाही. आता आषाढी वारीनंतर ठिकठिकाणी फोटोंची प्रदर्शने भरतात. त्यांत म्हाताऱ्या वारकऱ्याचा चेहरा हमखास असतो, आणि बहुधा काळा-पांढरा करून, सुरकुत्या नांगरटीसारख्या खोल करून लावलेला असतो. लोक म्हणतात, "वा, काय डिटेल आहे!" खरे तर तिथे तपशील वाढलेला नसतो, सुरकुत्या वाढलेल्या असतात. त्या माणसाच्या डोळ्यांतला शीण, गालावरच्या बुक्क्याचा पुसट डाग, नुकत्याच ओसरलेल्या हसण्याचा मागमूस, हे मधल्या छटांत होते आणि ते गेले. ज्याच्यापाशी वय आणि भक्ती होती, त्याच्याजवळून आपण फक्त वय घेतले.

म्हणून असे धारदार चित्र समोर आले की मी तीन गोष्टी पाहतो. हा विरोध विषयात होता, की छपाईने चढवला? जे काळ्यात बुडाले त्याला बुडण्याचा काही अर्थ आहे का? आणि ज्याचे चित्र आहे त्याच्या घरच्या माणसाला तो यात ओळखू येईल का? शेवटचा निकष कलासमीक्षेच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण माझ्या लेखी तो पहिला आहे. मोलकरणींचे चित्र, हॅलिफॅक्सचा बोळ, लंडनचा बोगदा या कसोटीला उतरतात. जॅरोचा कोळसेवेचा आणि नॉर्थम्बरलंडचा खाणकामगार त्यांच्या कठोर रूपात, मला वाटते, पुरते उतरत नाहीत. त्यांची जुनी, दबक्या छटांची छपाई मला अधिक मोठी वाटते, जरी ती दारातून हाक मारीत नसली तरी. ती पाहायला जवळ जावे लागते, आणि माणसाच्या जवळ जायला लावणे हे काही लहान काम नव्हे.

ब्रँट १९८३ साली वारला. त्याची दोन्ही वयांची छपाई आज संग्रहालयांत शाबूत आहे, हे आपले भाग्य. ज्यांना शक्य होईल त्यांनी ती पुस्तकांतून, संग्रहालयांनी खुल्या केलेल्या प्रतींतून शेजारी शेजारी ठेवून पाहावी. आणि दिवाळीच्या साफसफाईत घरचे जुने फोटो हाताशी आले, तर तेही खिडकीच्या उजेडात धरून पाहावेत. जे फोटो फिकट, मंद, फारसे उठावदार नाहीत म्हणून अल्बमच्या मागच्या पानांत गेले, त्यांतच पुष्कळदा आपल्या माणसांचे चेहरे नीट राहिलेले असतात. ते पुढच्या पानांत आणून लावावेत, आणि मागे नावे लिहून ठेवावीत.